पोस्ट उडाली, पण हुकमाची प्रत कोणाला?



कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाला पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते. ज्या कागदावर जावक क्रमांक नाही, तो कागद कचेरीतून निघालाच नाही असे समजतात. हुकूम कोणी काढला, कोणत्या कायद्याखाली काढला, तारीख कोणती, कारण काय, हे सगळे कागदावर असते. आणि अगदी खाली, सहीच्या डाव्या बाजूला, 'प्रत माहितीसाठी' असे लिहून ज्याच्यावर त्या हुकमाचा परिणाम होणार त्याचे नाव असते. ही प्रत मिळाली की माणूस वाचतो, दुसऱ्याकडून वाचून घेतो, अपिलात जातो. प्रत नसेल तर तो कोणाच्या दारात उभा राहणार?

आता हाच प्रश्न आपल्या हातातल्या मोबाइलला लावून पाहू. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम, एक्स यांच्यावर लोक लिहितात, व्हिडिओ टाकतात. त्यातला एखादा मजकूर सरकार कंपनीला काढायला सांगते आणि कंपनी तो काढते. सरकारला तो अधिकार कायद्याने दिलेला आहे. तो मुळीच नसावा असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्याचे बोलणे काढले, त्याला त्या हुकमाची प्रत मिळाली पाहिजे. ही मागणी वरवर लहान दिसते, पण आपल्या हक्काचा पुष्कळसा भाग त्यात अडकलेला आहे. कसा, ते सविस्तर सांगतो.

गडाच्या पायथ्याशी मोबाइल

आम्ही हे बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातून लिहीत आहोत. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी दसऱ्याला या गडावर मराठा आरक्षण आंदोलनाचे नेते मनोज जरांगे पाटील यांचा मोठा मेळावा झाला. गडावर जे गेले त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला, बाकीच्यांनी घरी बसून मोबाइलवर. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस, बीडमध्ये जाळपोळ झाली तेव्हा संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद करण्यात आले. इंटरनेट बंद करणे आणि एखादी पोस्ट काढणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत सगळ्या गावाचा नळ बंद होतो, दुसरीत एकट्याची घागर उचलून नेतात. गावाचा नळ बंद झाला की सगळ्यांना कळते. एकट्याची घागर गेली, तर ज्याची गेली त्यालाही कधी कधी उशिरा कळते. म्हणून या लेखात आम्ही घागरीबद्दलच बोलणार आहोत.

आपल्या भागातल्या माणसाला मोबाइलची गरज का, हे वेगळे सांगायला नको. गाळप हंगाम सुरू झाला की इथली घरेच्या घरे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे मागे राहतात. फडावर कोणाला दुखापत झाली, उचलीवरून मुकादमाशी वाद झाला, कोपीला आग लागली, तर घरी कळण्याचा एकच मार्ग असतो, तो मोबाइल. वर्तमानपत्राचा वार्ताहर फडावर जात नाही. तिथे वार्ताहर म्हणजे त्या टोळीतलाच एखादा शिकलेला पोरगा. त्याने टाकलेला व्हिडिओ उडाला तर ती बातमी दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

सरकारकडे दोन दरवाजे

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे. त्यात मजकूर काढून घेण्याचे मुख्य दोन दरवाजे आहेत.

पहिला दरवाजा कलम ६९-अ. हे कलम २००८ च्या दुरुस्तीने आले आणि २००९ मध्ये लागू झाले. देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, किंवा यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर रोखू शकते. एखादा मजकूर कोणाला आवडला नाही, हे कारण त्या यादीत नाही. २००९ च्या नियमांप्रमाणे एक समिती बसते. तिच्यात कायदा, गृह, माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे अधिकारी असतात. मजकूर टाकणाऱ्याला किंवा कंपनीला म्हणणे मांडायला किमान ४८ तासांची मुदत द्यायची असते. तातडीचे प्रकरण असेल तर आधी मजकूर रोखतात आणि ४८ तासांत समितीपुढे नेतात. कंपनीने हुकूम पाळला नाही तर जबाबदार माणसाला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि याच नियमांतला सोळावा नियम सांगतो की या सगळ्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची.

दुसरा दरवाजा कलम ७९. कायदा या कंपन्यांना 'मध्यस्थ' म्हणतो. लोकांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मध्यस्थाला सहसा गुन्हेगार धरत नाहीत. पोस्टमनने आणलेल्या पत्रात शिवी असली तर पोस्टमनला कोणी पकडत नाही, तसेच हे. पण सरकारने किंवा कोर्टाने सांगूनही बेकायदा मजकूर ठेवला तर हे संरक्षण जाते. त्यामुळे कंपनी घाबरते आणि काढून टाकते. २०२१ च्या नियमांनी यासाठी ३६ तासांची मुदत दिली होती. फेब्रुवारी २०२६ मध्ये नियम बदलले आणि ती मुदत ३ तासांवर आली.

तीन तास म्हणजे किती? आपल्याकडून तालुक्याला जाऊन, काम करून परत यायला याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात हुकूम कायद्यात बसतो की नाही, हे कोणता वकील तपासणार? कंपनीचा हिशेब सरळ आहे. पोस्ट ठेवली तर संरक्षण जाण्याची भीती, आणि काढली तर नुकसान फार तर एका गरीब माणसाचे. ती काय करील, हे सांगायला ज्योतिषी नको.

कंपनीच्या कचेरीत काय होते

हुकूम आला की कंपनीची माणसे दोन गोष्टी पाहतात. मजकूर कंपनीच्या स्वतःच्या नियमांविरुद्ध असेल तर तो जगभरातून काढतात. तिच्या नियमांत बसत असेल, पण भारतीय कायद्याचा हुकूम असेल, तर तो फक्त भारतापुरता झाकतात. मग आखाती देशात कामाला गेलेल्या भावाला ती पोस्ट दिसते आणि ज्या वस्तीबद्दल ती लिहिली त्या वस्तीला दिसत नाही. त्या जागी 'कायदेशीर मागणीवरून हा मजकूर या देशात उपलब्ध नाही' अशा अर्थाची एक ओळ येते. कोणाची मागणी, कोणते कलम, काय कारण, याबद्दल त्या ओळीत काही नसते.

गूगलने २०१० पासून, ट्विटरने २०१२ पासून आणि फेसबुकने २०१३ पासून सरकारी मागण्यांचे आकडे जाहीर करायला सुरुवात केली. ही चांगली गोष्ट झाली. पण त्यातून एकूण मागण्या किती आल्या एवढेच कळते. आपली पोस्ट कोणी उडवली हे त्यातून कळत नाही. जनगणनेच्या आकड्यातून आपल्या घरी कोण जेवले नाही हे जसे कळत नाही, तसेच ते आहे.

यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. २०२१ चे नियम मोठ्या कंपन्यांना सांगतात की तुम्ही स्वतःहून मजकूर काढलात तर टाकणाऱ्याला आधी कळवा, कारण द्या, वाद घालण्याची संधी द्या. म्हणजे कंपनीने आपल्या मर्जीने काढले तर नोटीस, आणि सरकारच्या सांगण्यावरून काढले तर त्या नियमाने नोटीस नाही! खरे तर सरकारवर जास्त बंधन हवे, कारण सरकार आपण निवडून दिलेले असते.

पालघरच्या दोन मुली आणि एक शब्द

ही गोष्ट दिल्लीतल्या मोठ्या लोकांची आहे असे समजू नका. तिची एक मोठी कडी आपल्याच महाराष्ट्रात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले आणि मुंबई बंद राहिली. पालघरच्या एका मुलीने त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीने त्या आवडल्याची खूण केली. दोघींना अटक झाली. त्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. देशभर ओरड झाल्यावर दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचा खटला मागे पडला. त्या वेळी लावलेले कलम होते ६६-अ. 'त्रासदायक', 'अतिशय आक्षेपार्ह' अशा सैल शब्दांवर तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारे ते कलम होते.

त्या अटकेनंतर श्रेया सिंघल नावाची कायद्याची एक तरुण विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांच्या खंडपीठाने ६६-अ रद्द केले. संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिलेल्या बोलण्याच्या स्वातंत्र्यावर ते घाला घालते, असे न्यायालयाने ठरवले. हा भाग पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच निकालातला दुसरा भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. न्यायालयाने कलम ६९-अ कायम ठेवले. का ठेवले? कारण त्यात कारणे लेखी देण्याची आणि बाजू ऐकण्याची सोय आहे म्हणून. आणि निकालात असेही सांगितले की मजकूर टाकणारा माणूस ओळखता येत असेल तर फक्त कंपनीला ऐकून भागणार नाही, त्यालाही ऐकले पाहिजे.

मग अडते कुठे? नियमातल्या एका शब्दावर. नियम म्हणतो, त्या व्यक्तीला 'किंवा' मध्यस्थाला नोटीस द्या. आम्हा कारकुनांना 'किंवा' आणि 'आणि' यांतला फरक चांगला ठाऊक असतो. अर्जात 'रेशनकार्ड किंवा आधारकार्ड' असे असेल तर एकाने काम होते, 'आणि' असेल तर दोन्ही लागतात. इथे 'किंवा'चा आधार घेऊन कंपनीला नोटीस गेली की झाले, असे धरता येते. लिहिणाऱ्या माणसाला कोणी विचारत नाही.

या 'किंवा'विरुद्ध एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ३ मार्च २०२५ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्यापुढे ती आली. खंडपीठाने केंद्र सरकारला नोटीस काढली. माणूस ओळखता येत असेल तर त्याला नोटीस दिली गेली पाहिजे, असे प्रथमदर्शनी मत सुनावणीत व्यक्त झाले. अमरावतीचे न्या. गवई पुढे मे २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले आणि त्या पदावर बसणारे ते पहिले बौद्ध, हे आपल्या घराघरात माहीत आहे. पण सरन्यायाधीश होण्याच्या दोन महिने आधी त्यांच्यापुढे आपल्या पोराबाळांच्या मोबाइलचा हा प्रश्न आला होता, हेही घरात सांगितले पाहिजे.

प्रत मिळाली की काय फरक पडतो, याचेही एक उदाहरण आहे. हुंड्याची टर उडवणारे एक संकेतस्थळ एका पत्रकाराने काढले होते. २०१८ मध्ये ते बंद करण्यात आले. का, हे त्याला कळवलेच नव्हते. तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की त्याला हुकमाची प्रत द्या आणि त्याचे म्हणणे ऐका. एका प्रतीसाठी चार वर्षे गेली. ऊसतोडीला जाणारे कोयते चार वर्षे दिल्लीच्या कोर्टात खेटे घालू शकतील काय?

खरे-खोटे सरकारच ठरवणार?

दुसरी मोठी लढाई मुंबई उच्च न्यायालयात झाली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम केला की सरकारच्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे, हे सरकारनेच नेमलेला एक कक्ष ठरवील. विनोदकार कुणाल कामरा, एडिटर्स गिल्ड आणि इतर याला विरोध करीत न्यायालयात गेले. ३१ जानेवारी २०२४ रोजी दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली. न्या. गौतम पटेल यांनी नियम रद्द केला, न्या. नीला गोखले यांनी तो योग्य मानला. मग तिसरे न्यायमूर्ती न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला. गावातल्या भांडणात आरोप ज्याच्यावर तोच पंच, असे कोणी मान्य करील काय? सरकारच्या बाबतीत निराळे का असावे?

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२४ मध्ये, केंद्रीय गृह मंत्रालयाने 'सहयोग' नावाची व्यवस्था सुरू केली. तिच्यावरून निरनिराळ्या खात्यांचे आणि राज्यांचे अधिकारी कंपन्यांना कलम ७९ खाली थेट सूचना पाठवतात. म्हणजे पहिल्या दरवाजावर समिती बसलेली, आणि दुसऱ्या दरवाजाने सरळ आत. एक्स कंपनीने याला कर्नाटक उच्च न्यायालयात आव्हान दिले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. त्यानंतर महिन्याभरात सरकारनेच नियमांत दुरुस्ती केली. १५ नोव्हेंबर २०२५ पासून अशी सूचना साधारणपणे सहसचिव दर्जाच्या किंवा त्याच्या वरच्या अधिकाऱ्यानेच द्यावी, पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावी, कायद्याचा आधार आणि कारण लिहावे, कोणता मजकूर ते नेमके सांगावे, आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने दर महिन्याला तपासणी करावी, असे ठरले. हे पाऊल चांगले आहे. पण 'प्रत माहितीसाठी' या ओळीत आपले नाव अजूनही आलेले नाही.

युरोपात २०२४ च्या फेब्रुवारीपासून पूर्णपणे लागू झालेल्या डिजिटल सेवा कायद्यात ही ओळ आहे. तिथे सरकारी हुकमावरून कारवाई झाली तर कंपनीने त्या माणसाला ते कळवायचे, कारण सांगायचे आणि दाद कुठे मागायची तेही सांगायचे. तिथे जे जमते ते इथे का जमू नये?

काढायला हवे तेही असते

आता दुसरी बाजू. ती आपण झाकून ठेवता कामा नये, कारण ती आपल्याच वस्तीत रोज दिसते. बाबासाहेबांबद्दल घाणेरडे लिहिलेली पोस्ट फिरते, बाया-बापड्यांच्या जातीवरून शिव्या घातल्या जातात, एखाद्या मुलीचे फोटो बिघडवून टाकले जातात. अशा वेळी आपणच म्हणतो की हे ताबडतोब काढा. आणि ते योग्यच आहे. जून २०१४ मध्ये महापुरुषांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली, पुण्यात वातावरण तापले आणि त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेल्या एका तरुण अभियंत्याचा जमावाने जीव घेतला. द्वेषाचा मजकूर किती महाग पडतो, हे त्यावरून कळते.

पण प्रत्येक वेळी उत्तर इतके सोपे नसते. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये त्या हत्येची छायाचित्रे वाहिन्यांवर आणि मोबाइलवर आली. ती पाहवत नव्हती. लहान लेकरांपुढे ती येऊ नयेत असे प्रत्येक आईला वाटले असेल. पण तीच छायाचित्रे पाहून राज्यभर संताप उसळला, हेही खरे आहे. मग ती काढायची की ठेवायची? या प्रश्नावर दोन प्रामाणिक माणसांची दोन मते होऊ शकतात. म्हणूनच तो कोणा एका अधिकाऱ्याने तीन तासांत, कोणाला न सांगता सोडवू नये. कारण लिहिले, कळवले, की चूक सुधारता येते. लपवून केलेली चूक मात्र कोणालाच दिसत नाही.

समाजाने हे पूर्वी अनुभवले आहे

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड छापला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' हा ग्रंथ होता. राम आणि कृष्ण यांच्यावरच्या प्रकरणावरून गदारोळ झाला आणि ते काढण्याचा घाट घातला गेला. तेव्हा गावोगावचे भीमसैनिक उठले. १९८८ च्या सुरुवातीला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी ते प्रकरण राहिले आणि त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही, अशी टीप त्याला जोडण्यात आली.

या लढ्यातून आम्ही एकच गोष्ट इथे घेतो. काय काढणार आणि कोण काढणार हे लोकांना उघड कळले होते, म्हणून मोर्चा कोठे न्यायचा हेही कळले. आजच्या काळात तेच प्रकरण मोबाइलवर असते आणि एका रात्रीत झाकले गेले असते, तर सकाळी एक ओळ दिसली असती, 'हा मजकूर या देशात उपलब्ध नाही'. मोर्चा कोणाच्या दारावर नेणार होतो आपण?

ठाण्यातून आलेला फोन

वर सांगितलेले सगळे मोठ्या कंपन्यांचे झाले. आपल्या गावात मात्र पुष्कळदा याहून साधा प्रकार घडतो. आमच्या ओळखीच्या एका तरुणाने वस्तीतल्या पाण्याच्या टँकरवरून झालेल्या वादाचा व्हिडिओ टाकला. एका पोलीस ठाण्यातून फोन आला, 'ते काढून टाक, नाहीतर बघ'. त्याने घाबरून काढला. नंतर आम्ही त्याला विचारले, कोणत्या कलमाखाली सांगितले? फोन करणाऱ्याचे नाव काय? त्याला काहीच माहीत नव्हते. जावक क्रमांक नसलेला हुकूम तो हाच.

गुन्हा रोखण्यासाठी पोलिसांना लेखी नोटीस देता येते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ खाली देत. आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ आहे. तेव्हा फोनवर कोणी सांगितले तर भांडू नका, उद्धट बोलू नका. नम्रपणे म्हणा, 'साहेब, लेखी द्या, मी लगेच पाहतो.' हे म्हणणे गुन्हा नाही.

व्हॉट्सअॅपचे थोडे निराळे आहे. तिथला संदेश पाठवणारा आणि घेणारा यांच्यापुरताच उघडतो, म्हणून कंपनी तो मधून वाचून काढू शकत नाही. मग गटाच्या अॅडमिनला दम दिला जातो. गोंदियाच्या एका प्रकरणात मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले आहे की दुसऱ्या सदस्याने काही टाकले, एवढ्यावरून अॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही. त्यात त्याचाही हात किंवा संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. जयंती मंडळाचे आणि महिला मंडळाचे गट चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

घरात आणि वस्तीत काय करावे?

आपली पोस्ट उडाली तर घाबरून खाते बंद करू नका. आलेल्या सूचनेचा फोटो काढून ठेवा. तारीख, वेळ, पोस्टचा पत्ता वहीत लिहा. मूळ व्हिडिओ मोबाइलमध्ये आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवा. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करा आणि कोणाच्या हुकमावरून मजकूर काढला ते विचारा. कंपनीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते. या समित्या २०२३ मध्ये नेमल्या गेल्या. त्या सरकारनेच नेमलेल्या आहेत हे खरे, पण अपिलाचा कागद तयार झाला की पुढे कोर्टात तो उपयोगी पडतो.

आपल्याविरुद्ध किंवा महापुरुषांविरुद्ध द्वेषाचा मजकूर दिसला तर संतापाने तो पुढे पाठवू नका. निषेध म्हणून दहा गटांत टाकलेला मजकूर हा दहा गटांत झालेला प्रचारच असतो. फोटो काढा, पत्ता लिहून घ्या, पोलीस ठाण्यात किंवा केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार द्या. २०१५ च्या दुरुस्तीने अत्याचार प्रतिबंधक कायद्यात असे कलम आले आहे की अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा लेखी, तोंडी किंवा अन्य मार्गाने अनादर करणे हा गुन्हा आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, तेव्हा हे संरक्षण आपल्यालाही आहे. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

मुलीचे किंवा सुनेचे खाजगी फोटो कोणी टाकले असतील तर एक तासही दवडू नका. अशा तक्रारीवर पूर्वी कंपनीला २४ तासांची मुदत होती, फेब्रुवारी २०२६ पासून ती २ तासांवर आणली आहे. इथे घाई हवीच. आणि त्या लेकीला दोष देऊ नका. लाज टाकणाऱ्याला वाटली पाहिजे, तिला नव्हे.

आणि एक काम विहारात करण्यासारखे आहे. वस्तीत तीन-चार शिकलेली पोरे-पोरी बसवा आणि एक साधे रजिस्टर घाला. कोणाची पोस्ट उडाली, कधी उडाली, कोणी सांगितले, उत्तर काय आले, हे त्यात लिहा. सरकार आपल्याला प्रत देत नसेल तर आपली नोंद आपण ठेवू. दहा गावांची अशी दहा रजिस्टरे जमली की वकिलाच्या हातात ठेवायला काहीतरी असते. नुसत्या तोंडी तक्रारीवर कोर्ट चालत नाही, कागदावर चालते.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी काश्मीरच्या प्रकरणात सांगितले की इंटरनेट बंद करण्याचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे लोकांना त्यांच्याविरुद्ध दाद मागता येईल. गावाचा नळ बंद करण्याच्या हुकमाला जो न्याय, तोच एकट्याच्या घागरीला लावा, एवढीच आपली मागणी आहे. 'किंवा'च्या जागी 'आणि' लिहा. हुकमाच्या खाली आपले नाव लिहा. बाबासाहेबांनी आपल्याला संविधानात बोलण्याचा हक्क दिला आणि तो मोडला तर ३२ व्या अनुच्छेदाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्कही दिला. पण कोर्टाचे दार ठोठवायला हातात हुकमाचा कागद लागतो. तो कागद मागायला शिका, आणि आपल्या मुलाबाळांनाही शिकवा.